खांद्यावरचा आडवा पट्टा : मेसेंजर बॅग आणि पाठीचे गणित

सकाळच्या गर्दीच्या वेळी स्लाऊहून कॅनरी व्हार्फकडे जाणाऱ्या एलिझाबेथ लाइनच्या गाडीत, किंवा एडिसनहून मॅनहॅटनच्या दिशेने निघालेल्या न्यू जर्सी ट्रान्झिटच्या डब्यात, उभ्या नोकरदारांची एक ठरावीक ठेवण दिसते. पट्टा असलेला खांदा कानाकडे किंचित उचललेला, धड एका बाजूला कललेले, एका हातात फोन आणि मांडीवर आपटत राहणारी चौकोनी बॅग. सूटवर सॅक शोभत नाही म्हणून, लॅपटॉप पटकन काढता येतो म्हणून, किंवा गर्दीत पाकीट आणि ओळखपत्र नजरेसमोर राहते म्हणून मेसेंजर बॅग घेतली जाते. संध्याकाळी मानेच्या मुळाशी ठणकते, कंबर एका बाजूला धरते आणि दोष खुर्चीला, गादीला किंवा वयाला दिला जातो.

दोष नेहमी बॅगेचाच असतो असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि अशा दुखण्यांपैकी सुमारे ९० टक्के प्रकरणांत एकच नेमके शारीरिक कारण दाखवता येत नाही. बैठे काम, अपुरी झोप, मानसिक ताण, व्यायामाचा अभाव या साऱ्यांची त्यात सरमिसळ असते. तरीही बॅग हा त्या सरमिसळीतला असा घटक आहे, जो पाच मिनिटांत आणि पदरचा एक पेनीही न खर्चता सुधारता येतो. खुर्ची बदलून घेण्यासाठी साहेबांची मान्यता लागते. पट्टा आखूड करण्यासाठी कोणाचीच लागत नाही.

बॅग घडली सायकलस्वारासाठी

आज दुकानात मिळणाऱ्या मेसेंजर बॅगेचा आकार अमेरिकेतील मोठ्या शहरांत सायकलवरून कागदपत्रे पोहोचवणाऱ्या निरोप्यांच्या गरजेतून आला. न्यूयॉर्कची मॅनहॅटन पोर्टेज ही कंपनी १९८३ सालची. सॅन फ्रान्सिस्कोत रॉब हनीकट या सायकलस्वार निरोप्याने १९८९ मध्ये जो उद्योग सुरू केला, तो पुढे टिंबक्टू या नावाने ओळखला जाऊ लागला. झुरिकच्या फ्रायटाग बंधूंनी १९९३ मध्ये ट्रकच्या जुन्या ताडपत्रीपासून बॅगा शिवल्या आणि पट्ट्यासाठी मोटारीचे आसनपट्टे वापरले. कोलोरॅडोतील बोल्डर येथे १९९५ मध्ये सुरू झालेल्या क्रोम कंपनीने मोटारीच्या आसनपट्ट्याचे बक्कलच बॅगेवर आणून बसवले.

या साऱ्या घडणीमागे एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे बॅग बाळगणारा सायकलवर पुढे झुकलेला असणार. त्याची पाठ जवळजवळ आडवी असते, बॅग तिच्यावर उंच आणि घट्ट बसते आणि वजनाचा बराचसा भाग पाठ स्वतःच पेलते. पट्ट्याचे काम बॅग घसरू न देण्याचे. इमारतीपाशी उतरल्यावर तो बॅग क्षणभर पुढे ओढतो, लिफाफा काढतो आणि पुन्हा पाठीवर ढकलतो.

कार्यालयात जाणाऱ्याने ही बॅग उचलली, मात्र तिची बैठक उचलली नाही. तो ताठ चालतो, पट्टा लांब सोडतो आणि बॅग खुब्याच्याही खाली लोंबते. ताठ उभ्या माणसाच्या पाठीवर वजन टेकत नाही. ते सगळे पट्ट्यावर, म्हणजे एका खांद्यावर येते. मेसेंजर बॅगेविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या अदलाबदलीत आहे.

मराठी माणसाला खांद्यावरची पिशवी नवी नाही. पेशवाईतले जासूद पत्रांच्या थैल्या घेऊन मजल दरमजल करीत. सार्वजनिक कार्यकर्त्याच्या खांद्यावरची शबनम तर एका पिढीची ओळख होती. मात्र शबनममध्ये दोन पुस्तके, थोडी पत्रके आणि चष्म्याचे घर यापलीकडे फारसे काही नसे. आजच्या बॅगेत अख्खे कार्यालय असते.

सहा किलोंचे तीस किलो कसे होतात

बॅगेचे वजन काट्यावर जितके भरते तितकेच कण्याला जाणवते, हा समज चुकीचा आहे. पाठीचा कणा ही तरफेची टेकण मानली, तर सहा किलोंची बॅग कण्यापासून साधारण वीस सेंटिमीटर दूर, खुब्याच्या बाहेर लोंबत असते. तिला तोलून धरणारे विरुद्ध बाजूचे स्नायू मात्र कण्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. अंतर चौपट कमी, म्हणून जोर चौपट जास्त. स्नायूंना चोवीस किलोंची ओढ द्यावी लागते आणि कमरेतल्या मणक्यांमधल्या चकतीवर बॅगेचे सहा आणि स्नायूंचे चोवीस असा तीस किलोंच्या आसपास जादा दाब येतो. हा हिशेब ढोबळ आहे. शरीर कलून थोडी तडजोड करते, काही स्नायू दूरवरून मदत करतात. तरी प्रमाण लक्षात येण्यास तो पुरेसा आहे.

पट्टा आडवा घातला म्हणजे प्रश्न सुटला, असेही अनेकांना वाटते. तो अर्धाच सुटतो. आडव्या पट्ट्यामुळे बॅग खांद्यावरून घसरत नाही आणि ती सावरण्यासाठी खांदा सतत उचलून धरावा लागत नाही. मानेला हा मोठा दिलासा आहे. परंतु उजव्या खांद्यावरून येणारी बॅग डाव्या खुब्यावर लोंबत असेल, तर तिचे वजन डाव्या बाजूलाच आहे आणि कमरेचा हिशेब बदललेला नाही. तो बदलतो बॅग पाठीच्या मध्याकडे सरकवल्यावर. बाजूचे अंतर वीसवरून पाच सेंटिमीटरवर आले, की त्याच सहा किलोंसाठी बाजूच्या स्नायूंना चोवीसऐवजी सहा किलोंचा जोर पुरतो. मागच्या बाजूला थोडी ओढ राहते, पण ती दोन्हीकडच्या स्नायूंत वाटली जाते.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष येथे उद्बोधक आहे. एका हातात ३० किलो घेऊन चालताना कमरेवर जो दाब येतो, त्यापेक्षा दोन्ही हातांत प्रत्येकी ३० किलो, म्हणजे एकूण दुप्पट वजन घेऊन चालताना येणारा दाब कमी आढळला. कावड वाहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. एका बाजूची घागर रिकामी केली की कावड हलकी होत नाही, अवघड होते.

पट्टा किती आखूड, बॅग किती उंच

बॅग भरलेली असतानाच ती मापावी. रिकाम्या बॅगेवर बसवलेला पट्टा भरल्यावर खाली ओघळतो. चालताना बॅगेचा तळ खुब्याच्या हाडाच्या वर, कमरेच्या पातळीशी राहावा आणि बॅग बाजूला न राहता पाठीच्या खालच्या भागावर टेकावी. पाऊल टाकताना ती मांडीवर आपटत असेल तर पट्टा लांब आहे. हात मागे नेऊन बॅगेचे वरचे झाकण सहज हाती लागत असेल तर उंची योग्य आहे. आरशात पाहिल्यास हे रूप किंचित विद्यार्थ्यासारखे वाटेल. लोंबती बॅग अधिक ऐटबाज दिसते हे खरेच, पण त्या ऐटीची किंमत कंबर भरते.

पट्टा मान आणि खांद्याचे टोक यांच्या मधल्या मांसल भागावरून जावा. मानेला घासून गेला तर तिथल्या स्नायूंवर आणि शिरांवर दाब येतो. टोकावर गेला तर घसरतो आणि खांदा नकळत वर उचलला जातो. पट्ट्याची रुंदी येथे फार महत्त्वाची ठरते. तेच वजन अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्याऐवजी पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यावर घेतले की त्वचेवरचा आणि स्नायूवरचा दाब निम्मा होतो. गादी लावलेला भाग नेमका खांद्यावर आला पाहिजे. अनेकांच्या बॅगेत तो घसरून पाठीवर गेलेला असतो आणि महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. स्त्रियांना छातीवरून जाणारा पट्टा बोचत असेल, तर तो मधोमध घेऊन बॅग अधिक मागे सरकवल्याने बहुधा सोयीचे होते. न झाल्यास ही बॅग आपल्यासाठी नाही असे समजण्यात कमीपणा नाही.

काही बॅगांना काखेखालून छातीवर येणारा एक बारीकसा जोडपट्टा असतो. बहुतेक लोक तो कात्रीने कापून टाकतात किंवा आत खोचून ठेवतात. वास्तविक बॅग पाठीवरून पोटाकडे फिरू न देणारा तोच भाग आहे. जिने उतरताना, गाडी पकडण्यासाठी धावताना किंवा सायकलवर तो लावल्यास बॅगेचे हेलकावे थांबतात, आणि प्रत्येक हेलकाव्याला कंबर जो झटका खाते तो वाचतो.

खांदा आलटून पालटून वापरावा हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो योग्यही आहे. जानव्याच्या भाषेत सांगायचे तर रोज सव्य, परतताना अपसव्य. अडचण अशी की निरोप्यांच्या धर्तीवर शिवलेल्या अनेक बॅगा एकाच खांद्यासाठी घडवलेल्या असतात; दुसऱ्या बाजूने घातल्या की बक्कल काखेत रुततो आणि गादी जागेवर येत नाही. अशा बॅगेशी रोज सव्यापसव्य करण्यापेक्षा विकत घेतानाच दोन्ही खांद्यांवर घालून पाहावी. आरंभी नेहमीचा नसलेला खांदा परका वाटतो. आठवडाभरात सवय होते.

काट्यावरचा प्रामाणिकपणा

पट्टा कितीही नीट बसवला तरी वजनाला उत्तर वजन कमी करणे हेच आहे. एका सामान्य दिवसाची बॅग उघडून पाहिली तर हिशेब साधारण असा निघतो : रिकामी बॅग १२०० ग्रॅम, सोळा इंची लॅपटॉप २१०० ग्रॅम, चार्जर ४०० ग्रॅम, भरलेली लिटरभराची स्टीलची बाटली १४०० ग्रॅम, पोळीभाजीचा डबा ९०० ग्रॅम, छत्री ४०० ग्रॅम, आणि वही, हेडफोन, पॉवर बँक, किल्ल्या, जुनी बिले मिळून ८०० ग्रॅम. बेरीज ७ किलो २०० ग्रॅम.

यात लॅपटॉप आणि डबा सोडून काहीही अटळ नाही. दुसरा चार्जर कार्यालयात ठेवला, बाटली रिकामी नेऊन तिथे भरली आणि तळाशी साचलेला कचरा दर शुक्रवारी काढला, तर पावणेदोन किलो सहज उतरतात. ब्रिटनमध्ये संगणकाच्या पडद्यासमोर काम करणाऱ्यांविषयीचे १९९२ चे नियम मालकावर कामाच्या जागेची तपासणी करण्याची जबाबदारी टाकतात आणि घरून काम करणारेही त्यात येतात. ही तपासणी बहुधा एक प्रश्नावली भरून उरकली जाते. जादा चार्जर किंवा हलका लॅपटॉप मागण्याची ती रीतसर संधी आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

प्रौढांसाठी बॅगेच्या वजनाची सर्वमान्य मर्यादा नाही. मुलांसाठी ती आहे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ठरवून दिले आणि केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तोच आकडा आहे. दोन खांद्यांवरच्या दप्तराला जो नियम, तो एका खांद्यावरच्या बॅगेला सैल कसा लावता येईल? पासष्ट किलोंच्या माणसाला त्या नियमाने साडेसहा किलो येतात. रोज अर्धा तास चालणे असेल तर एका खांद्यावर चार-पाच किलोंवर थांबणे शहाणपणाचे.

भरण्याचा क्रमही महत्त्वाचा. लॅपटॉप पाठीला लागून असलेल्या कप्प्यात, सपाट. डबा त्याला चिकटून मधोमध. हलक्या वस्तू बाहेरच्या कप्प्यांत. भरलेली बाटली एका कोपऱ्यात ठेवली की बॅग त्या अंगाला झुकते आणि पट्टा पीळ खातो. ज्यांना बाटली भरूनच न्यावी लागते, त्यांनी ती हातात धरावी; दुसऱ्या हाताचा तो अल्पसा तोलही उपयोगी पडतो.

वाटेतल्या अडचणी

ऑक्टोबर लागला की जाड कोट बाहेर निघतो आणि उन्हाळ्यात नीट बसवलेला पट्टा अचानक अपुरा पडतो. मग तो सैल सोडला जातो आणि एप्रिलमध्ये कोट गेल्यावरही तसाच राहतो. बॅग खाली लोंबू लागण्याचे हे अगदी साधे कारण आहे. पट्ट्यावर दोन्ही ऋतूंच्या जागी शाईची खूण केली की प्रश्न मिटतो. कोटाचे कापड गुळगुळीत असल्यास पट्टा घसरतो. गादीखाली रबरी पट्टी असलेली बॅग अशा वेळी बरी. दुबई-दोह्याकडे प्रश्न उलटा असतो. पातळ सदऱ्यावर घामाने ओला पट्टा त्वचा सोलतो, म्हणून रुंदी आणि मऊ कड तिथे अधिक महत्त्वाची.

गाडीत उभे राहायचे असेल तर बॅग उतरवून दोन पायांमध्ये ठेवावी. तीस मिनिटे चालण्यापेक्षा तीस मिनिटे स्थिर उभे राहून वजन पेलणे स्नायूंना अधिक थकवते, कारण त्यांना सैल पडायला क्षणच मिळत नाही. पट्टा असलेल्याच बाजूचा हात वरच्या दांडीला धरणे आणि दुसऱ्या हातातल्या फोनकडे मान वाकवणे हा मेळ तर सर्वांत वाईट. बसायला मिळाल्यावरही अनेक जण बॅग अंगावरच ठेवून मांडीवर घेतात. पट्टा तेव्हा मानेला मागून ओढत असतो.

अनेकदा उसण भरते ती चालताना नव्हे, तर मोटारीच्या मागच्या आसनावरून बॅग ओढताना. चालकाच्या जागेवर बसून, मागे वळून, एका हाताने सहा-सात किलो उचलणे हा वळण आणि भार यांचा एकत्र मारा असतो. उतरून मागचे दार उघडण्याचे कष्ट घ्यावेत. बॅग शेजारच्या आसनावर ठेवावी, हे त्याहून सोपे.

सायकलने कामावर जाणाऱ्यांना ही बॅग तिच्या मूळ रूपात वापरता येते : उंच, घट्ट, जोडपट्टा लावून. तरी रोजचे पाच-सात मैल असतील तर भार अंगावरून सायकलवर द्यावा. घडीच्या ब्रॉम्प्टन सायकलला पुढच्या बाजूस बॅग अडकवण्याची सोय असते. इतर सायकलींना मागच्या कॅरियरवर अडकणाऱ्या बॅगा मिळतात.

दुखू लागल्यावर

एका खांद्यावरच्या बॅगेने प्रौढ माणसाचा कणा कायमचा वाकडा होतो, असे सांगून पट्टे आणि उपचार विकणारे पुष्कळ आहेत. त्याला भरवशाचा आधार नाही. बॅग काढल्यावर कललेले धड सरळ होते. थकलेले स्नायू दोन-चार दिवसांत पूर्ववत होतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१६ ची कंबरदुखीविषयक मार्गदर्शिका हिंडते-फिरते राहण्यावर आणि व्यायामावर भर देते, आणि कमरेचे पट्टे देऊ नयेत असे स्पष्ट सांगते. पूर्वीचा सक्तीच्या विश्रांतीचा सल्ला आता मागे पडला आहे. दुखऱ्या काळात बॅग हलकी करावी किंवा दोन्ही खांद्यांची सॅक वापरावी. चालणे बंद करू नये.

बाजूचे स्नायू बळकट असले की एकांगी भार सोसतो. कुशीवर पडून कोपरावर आणि गुडघ्यांवर अंग उचलून धरणे, दहा सेकंद, दोन्ही बाजूंनी काही वेळा, हा त्यासाठीचा सुटसुटीत व्यायाम घरच्या सतरंजीवर होतो.

इंग्लंडच्या बऱ्याच भागांत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना सार्वजनिक आरोग्य सेवेतील फिजिओथेरपिस्टकडे थेट नाव नोंदवता येते. अमेरिकेतही सर्व ५० राज्यांत या ना त्या स्वरूपात थेट जाता येते. विमा किती खर्च देतो हे आधी पाहावे. सहा आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा हातात मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणे असे काही जाणवले, तर दाखवावेच. मान आणि काख यांच्या दरम्यानच्या शिरांवर पट्ट्याचा दाब सतत राहिल्याने असे होऊ शकते.

दोन प्रसंगी मात्र वाट पाहू नये. डाव्या खांद्याचे किंवा हाताचे दुखणे छातीत दडपण, घाम किंवा धाप यांसह आले, तर ते बॅगेवर ढकलू नये. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आहे आणि तो तुलनेने लवकरच्या वयात दिसतो. दुसरा प्रसंग कंबरदुखीसोबत लघवी अडणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या भागात किंवा गुदद्वाराभोवती बधिरता येणे, अथवा दोन्ही पायांतले बळ कमी होणे. कण्याच्या तळाशी असलेल्या शिरांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणे असू शकतात आणि उशीर झाल्यास हानी कायमची राहते. ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११. किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग, त्याच दिवशी.